पाच वर्षांनंतरचा रकाना

पगाराच्या चिठ्ठीवर त्याचं आडनाव काय असेल ते असो, लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत सगळे त्याला कुलपे म्हणत. नवीन आलेल्यांना तेच खरं वाटे, आणि जोडीच्या याद्यांवर ते तसंच लिहिलं जाई. कारण त्याच्या कमरेला लटकणारं पितळी कुलूप.

कंपनी प्रत्येक कारागिराला एक लाल कुलूप देई. लिफ्टवर काम करण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकायची, म्हणजे कुणी चुकून वीज सुरू करणार नाही. कुलपेचं तेवढ्यावर भागत नसे. लाल कुलूप तो लावीच, शिवाय घरून आणलेलं पितळी लावी.

"कंपनीच्या कुलपाची दुसरी किल्ली कंपनीकडे असते," तो म्हणे. "आणि कंपनीची किल्ली कुणाकडे असते ते कुणाला माहीत आहे?"

हे बाळकडू मामाचं. मामा ह्याच धंद्यातला. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. दोन गेली ती 'बंद आहे, कर बिनधास्त' ह्या चार शब्दांपायी. उरलेल्या तीन बोटांनी भाच्याचा कान धरून तो सांगे, "स्विच बंद आहे म्हणणाऱ्याचं तोंड बघू नकोस, लेका. स्विच बघ." भाचा एकोणिसाव्या वर्षी कामाला लागला आणि पुढची एकोणतीस वर्षं त्याने स्विचच बघितले. दहाच्या दहा बोटं शाबूत होती. त्यामुळे ही सवय मोडायचं त्याला काही कारणही पडलं नाही. घरी गॅसचं बटण तो दोनदा बघे, बायकोने बघितल्यावर तिसऱ्यांदा बघे. शेजाऱ्याने बरं आहे का विचारलं तर आधी 'का?' म्हणे.

लिफ्टचं काम जोडीचं. एक जण वरच्या मशीनच्या खोलीत, स्विचपाशी. दुसरा खाली, लिफ्टच्या डब्याच्या टपावर. खोलीच्या जमिनीत दोर जायला भोकं असतात, त्यांतून हाका मारायच्या. एकाने हाक दिली की दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे. नुसतं 'हो' चालत नाही.

"स्विच पाडला, कुलूप लावलं!"

"स्विच पाडला, कुलूप लावलं!"

एकोणीस वर्षं पलीकडून परत येणारा आवाज पैलवानाचा होता. पैलवान म्हणजे हाडांची मोळी, म्हणूनच पैलवान. जगात कुलपेचा कशावर विश्वास असेल तर ह्या आवाजावर. तोही आवाज परत आल्यावर.

दीड वर्षापासून कुलपेच्या उजव्या गुडघ्याने दगा द्यायला सुरुवात केली होती. जिना चढताना तो बिजागरीसारखा वाजे, उतरताना मध्येच सुटल्यासारखा होई. मशीनच्या खोल्या सगळ्या गच्चीवर आणि लिफ्ट बंद पडली म्हणूनच तर ह्यांना बोलावणं, त्यामुळे जिने चढण्याला पर्याय नव्हता. कुलपे सगळ्यांच्या आधी जागेवर पोचे, म्हणजे चढताना कुणी बघायला नको. जिने न चढणारे दोन कारागीर कंपनीने सत्काराची शाल देऊन घरी पाठवलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. एकाच्या शालीवर तर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

वाट एकच होती. कंपनीच्या तळमजल्यावर एक लांब टेबल होतं. जळलेली, बिघडलेली पॅनलं तिथे येत आणि टेबलकाका ती बसल्या जागी दुरुस्त करीत. काका तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्या खुर्चीवर बसायला मिळालं तर आणखी दहा वर्षं निघाली असती. नाही मिळालं आणि गुडघा उघडा पडला, तर शाल. मागायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की गुडघा आलाच. म्हणून कुलपे ताकाला जाई आणि भांडं पाठीमागे धरी. आठवड्यातून दोनदा काकांच्या टेबलापाशी जाऊन उभा राही, 'काय म्हणतंय पॅनल?' विचारी आणि परत येई.

अशात मुख्य कचेरीतून मॅडम आल्या. पस्तिशीच्या, काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या, आणि पेन्सिलीने लिहिणाऱ्या. कुलपेच्या नजरेत पहिली भरली ती पेन्सिल. पेन्सिलीने लिहिणारा माणूस लिहायच्या आधीच खोडायचं ठरवून आलेला असतो.

त्यांनी सगळ्यांना सामानाच्या खोलीत जमवलं आणि कागद वाटले. चार रकाने होते: यंदा काय साध्य करायचं आहे. त्यात अडचण कोणती. कोणती मदत हवी. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता.

"आपल्या नोकरीची दिशा आपण ठरवायची," मॅडम म्हणाल्या. "कंपनी तुमच्यासाठी ठरवील ह्याची वाट बघू नका. पंधरा दिवस आहेत. घरी विचार करा."

त्यांची पाठ वळली आणि खोलीला तोंड फुटलं.

"पाच वर्षांनी कुठे बघतो म्हणजे? आरशात."

"मी लिहिणार, मॅडमच्या खुर्चीत."

"लिही की. आधी विचारतात कुठे जायचंय, मग उचलून पोचवून येतात."

शेवटचं वाक्य कुलपेचं. सगळे हसले, तो हसला नाही. त्याची नजर दुसऱ्या रकान्यावर होती. 'अडचण कोणती.' उंदराच्या सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा असतो तसा तो रकाना त्याला दिसत होता.

घरी बायकोने कागद वाचला. ती कपड्यांच्या मोठ्या दुकानात ग्राहकांच्या मापाने कपडे बेतून द्यायचं काम करी, त्यामुळे कुठलीही गोष्ट जास्तीची किंवा कमी असली की तिला लगेच दिसे.

"अहो, मग लिहा ना सरळ. टेबल पाहिजे. गुडघा दुखतो. संपलं."

"संपलं नाही, मी संपलो. अगं, हे विचारतातच कशाला? एकोणतीस वर्षांत कुणी विचारलं नाही."

"एकोणतीस वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून बोंब, आणि विचारलं तरी बोंब."

"तुला नाही कळायचं. लिहिलेलं राहतं."

"न लिहिलेलं पण राहतं," ती म्हणाली, "रोज गरम पाण्याची पिशवी घेऊन माझ्या अंगावर पाय टाकून राहतं."

त्याने शेवटी तो कागद देखभालीच्या वहीसारखा भरला. प्रत्येक लिफ्टची एक वही असते, आणि जुना कारागीर तिच्यात कधी तपशील लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तेच पुढे येतं. 'सर्व ठीक,' एवढं लिहून सही. कुलपेने लिहिलं: चालू काम नीट करणे. अडचण नाही. मदत नको. पाच वर्षांनी: कंपनी ठेवील तिथे. सगळं पेनाने. मग हे पाच वर्षांनी कुणी काय अर्थाने वाचेल ह्याचा त्याने तासभर विचार केला आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारली, म्हणजे मागून कुणी काही घुसडायला नको.

पैलवानाने मात्र दुसऱ्याच दिवशी कागद देऊन टाकला. दोन्ही बाजूंनी भरलेला.

"काय लिहिलंस एवढं? दाखव की."

"तुझा दाखव."

"माझ्यात काही नाहीच."

"मग माझ्यात पण नाही," म्हणून पैलवान पाना शोधायला गेला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पैलवानाला दोनदा केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या वेळी तो चाळीस मिनिटं आत होता. कुलपेने घड्याळ लावून बघितलं. काचेतून आवाज येत नव्हता, नुसती चित्रं दिसत होती. पैलवान हात कानाशी नेऊन काहीतरी सांगत होता, कानगोष्टीत सांगतात तसं. मॅडम पेन्सिलीने लिहून घेत होत्या. मग दोघांनी वळून बाहेर बघितलं. थेट कुलपेकडे.

दुसऱ्या दिवशी मॅडम जिन्यात भेटल्या. "काय, दमलात का चढून?"

साधं विचारलं. पण त्या दिवसापासून कुलपेला झोप म्हणून लागेना. पैलवानाला गुडघा माहीत होता तर! म्हणूनच वर्षभर तो आपण होऊन टपावर उतरत होता, 'तू वर थांब' म्हणत होता. कुलपेला तेव्हा तो भला वाटला होता. आता हिशेब जुळला: आधी गुडघा जोखायचा, मग मॅडमच्या कानात घालायचा, मग टेबल आपण घ्यायचं.

त्या मंगळवारी काम नऊ मजली इमारतीत होतं. डब्याला रुळावर सरळ धरणारे तुकडे झिजले होते, ते बदलायचे होते. कुलपे आधीच येऊन, कठड्याला धरधरून वर पोचला होता. पैलवान आला, पिशवी खाली ठेवली, फोन तिच्यातच टाकला. टपावर तो फोन नेत नसे. मागे एक खड्ड्यात पडून फुटला होता.

"आज काम झालं की चहा घेऊ," पैलवान म्हणाला. "बोलायचंय जरा."

"काय?"

"चहाच्या वेळी."

कुलपेच्या मनात पाचर बसली. बोलायचंय म्हणजे टेबल मिळालंय, आता गोड बोलून सांगणार.

पैलवान टपावर उतरला, डबा पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये आणून थांबवला. तिथे समोर सपाट भिंत. दारापर्यंत हात पोचत नाही. पण मागच्या तुकड्यांना हात घालायला तीच जागा सोयीची. वर कुलपेने स्विच पाडला, लाल कुलूप लावलं, पितळी लावलं. हाक गेली, हाक परत आली.

दहा मिनिटांनी कुलपेचा फोन वाजला. कचेरीतला कारकून, ज्याला बातमीचा वास आला की ती वाटल्याशिवाय राहवत नसे. "अरे, मॅडमच्या टेबलावर कागद आहे बघ. टेबलाच्या जागेचा. पैलवानाचं नाव आहे वर. आज सही होतेय म्हणे."

कचेरी दोन गल्ल्या पलीकडे. जाऊन यायला अर्धा तास. पैलवानाचं काम तासाभराचं. कुलपे उठला. जागा सोडायची तर हाक द्यायची आणि ती परत आली की पाऊल उचलायचं, हा नियम त्याने एकोणतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. भोकापाशी तो वाकला. 'कुठे चाललास?' असं खालून आलं तर काय सांगायचं? तो तसाच सरळ झाला आणि नऊ मजले उतरून गेला. दोन्ही किल्ल्या नेहमीप्रमाणे खिशात.

केबिनचं दार त्याने वाजवलंसुद्धा नाही.

"माझ्या गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं, ते मला कळलं पाहिजे."

मॅडमनी चष्मा काढला. "कोणत्या गुडघ्याचं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, कुलपेच्या तर मनात भर दुपार झाली होती.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "गुडघा दुखतो तुमचा? तुमच्या कागदावर तर अडचण नाही असं आहे. खाली रेघसुद्धा आहे."

"पैलवानाने सांगितलं नाही?"

"त्यांनी तुमच्याबद्दल एकच गोष्ट लिहिली आहे. ती मी सांगणार नाही. तुमचा कागद त्यांना दाखवत नाही, त्यांचा तुम्हाला दाखवणार नाही. आणि आज ह्या वेळी तुम्ही जागेवर..."

त्यांचा फोन वाजला. इमारतीचा रखवालदार बोलत होता, एवढ्या मोठ्याने की कुलपेलाही ऐकू येत होतं. तुमचा माणूस आत अडकलाय. काम झालंय म्हणतो, वीज द्या म्हणतो. वर कुणी नाही. दोन-दोन कुलपं आहेत, फोडू का? आतून तो ओरडतोय, कुलपाला हात लावू नका, ज्याचं आहे तो येईल. जीव केवढासा, आवाज केवढा.

"किल्ली कुणाकडे आहे?" मॅडमनी विचारलं.

कुलपेने खिशावर हात ठेवला. पैलवान इतक्या लवकर मोकळा होईल असं त्याने धरलंच नव्हतं. चहाची घाई असेल.

परतीच्या दोन गल्ल्या त्याला आठवत नाहीत. जिना आठवतो. लिफ्ट त्यानेच बंद केलेली, त्यामुळे नऊ मजले पायीच. तिसऱ्यावर गुडघा वाजायचा थांबला आणि नुसता पेटला. पाचव्याच्या वर, मधल्या वळणावर त्याने भिंतीला हात टेकला. भिंतीच्या पलीकडे पैलवान होता. सातव्यानंतर तो हातांवर आणि डाव्या पायावर चढला, पायऱ्यांना धरून, रांगत्या पोरासारखा. मागून रखवालदार सगळं बघत होता. पहिल्यांदाच कुलपेला कुणी बघतंय ह्याचं काही वाटलं नाही.

"कुलूप काढतो, स्विच देतो!"

खालून लगेच, "कुलूप काढतो, स्विच देतो!"

डबा हळूहळू सहाव्यावर आला. कुलपे खाली पोचला तेव्हा पैलवान जिन्यात बसून, डोक्यावरची धूळ झटकत पाणी पीत होता. शिव्या नाहीत, काही नाही. उलट तोच ओशाळलेला.

"माफ कर रे," तो म्हणाला. "तू हाक दिली असशील जाताना. मला ऐकू आली नाही."

कुलपे त्याच्या शेजारी पायरीवर टेकला.

"उजवा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली. डाव्याने थोडं येतं. वर मशीनच्या घरघरीत तर काहीच येत नाही, म्हणून मी टपावर उतरतो. खाली निदान आवाज घुमतो. बोलायचंय म्हणत होतो ते हेच."

"आणि हाका? परत म्हणायचास त्या?"

"आपल्या हाका ठरलेल्याच ना. तुझी वेळ झाली की काहीतरी घुमतं. मी म्हणून टाकतो."

दोन वर्षं कुलपेने ज्या एका आवाजावर विश्वास ठेवला होता, तो पाठांतर म्हणत होता. सगळ्या जगाचा संशय घेतला आणि ह्याचा घ्यायचा राहिला. घेतला तोही चुकीचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" पैलवान हसला. "त्या दिवसापासून तू माझ्याबरोबर उभा राहिला असतास?"

कुलपेला खोटं बोलता येईना, म्हणून त्याने पाण्यासाठी हात पुढे केला.

"मॅडमना सांगितलं," पैलवान म्हणाला. "कागदावर लिहिलं. कानाचं यंत्र द्या, नाहीतर टेबल द्या. आणि लिहिलं, जोडीदाराला मी स्वतः सांगतो, तो संशयी आहे, दुसऱ्याकडून कळलं तर वेडावेल."

दुपारी चौकशीचा कागद आला. त्यातला एक प्रश्न असा: 'जागा सोडण्यापूर्वी जोडीदाराला हाक दिली होती का? हो / नाही.' जागा सोडली हा एक गुन्हा, त्याला थोडी सक्तीची रजा. हाक न देता माणूस आत टाकून गेला हा दुसरा. त्यात नोकरी जाऊ शकत होती.

दोघं सामानाच्या खोलीत बसले होते. पैलवानाने डावा कान त्याच्याकडे केला होता.

"हो लिही," पैलवान म्हणाला. "मी लिहितो, मला ऐकू आलं नाही. माझं तर उघडं पडलंच आहे. माझ्या कानावर तुझंही खपून जाईल."

कुलपेला आधी वाटलं, हा एवढं का देतोय? ह्यात काय मेख आहे? सवयीप्रमाणे तो पैलवानाचं तोंड बघायला गेला आणि मामाची तीन बोटं आठवली. तोंड बघू नकोस. मग बघायचं काय? हा माणूस लिफ्टच्या शाफ्टमध्ये भिंतीसमोर बसून होता, आणि बाहेरचा कुलूप फोडायला निघाला तेव्हा ओरडला होता, ज्याचं आहे तो येईल.

त्याने 'नाही'वर खूण केली. पेनाने. "हाक दिली नाही," शेजारी लिहिलं. देखभालीच्या वहीत इतक्या वर्षांत त्याने लिहिला नव्हता इतका तपशील.

"गाढव आहेस," पैलवान म्हणाला.

"ओरडू नकोस. मला दोन्ही कानांनी ऐकू येतं," कुलपे म्हणाला.

नोकरी गेली नाही. पंधरा दिवस घरी बसवलं, आणि टेबल पैलवानाला मिळालं. कुलपे परत आला तेव्हा मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर त्याचा जुना कागद होता, रेघेसकट.

"तीन मजल्यांच्या आतल्या सोळा इमारती आहेत आपल्याकडे. कुणी मागत नाही, सगळ्यांना उंच इमारती पाहिजेत. ह्या तुम्हाला देते. हे महिन्यापूर्वीच झालं असतं, तुम्ही लिहिलं असतं तर. टेबलासाठी मात्र एकच कागद वेळेत आला."

"शाल नाही?"

"कसली शाल?"

"काही नाही," कुलपे म्हणाला.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. "पुन्हा भरा. इथेच."

त्याने पेन काढलं. अडचण: उजवा गुडघा, जिना. मदत: शनिवारी टेबलावर बसून पॅनल शिकणे. यंदा काय साध्य करायचं: नवा जोडीदार, ज्याचे दोन्ही कान मी स्वतः तपासले आहेत. मॅडम वाचत होत्या, ओठ दाबून.

पाच वर्षांनंतरच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं. पाच वर्षं म्हणजे काय स्विच आहे, बंद-चालू बघायला?

"हा पेन्सिलीने लिहा," मॅडम म्हणाल्या. "बदलता येतो. म्हणूनच वापरते मी."

त्याने पेन्सिल घेतली, उलटसुलट करून बघितली. मग लिहिलं: टेबल. कंसात लिहिलं: पैलवान उठला तर. कागदाची नक्कल मागितली, तिच्यावर सही मागितली, सहीखाली तारीख मागितली. सगळं मिळाल्यावरही तो उठला नाही. टेबलावरच्या एका रद्दी कागदावर त्याने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली, आणि खोडरबर खरंच चालतो का ते बघून घेतलं.